मर्जान पाहणारी माणसं

मागच्या डिसेंबरात मालवणहून परतलो आणि सोमवारी आठवीच्या वर्गात मोबाइलवरचे फोटो दाखवले. लोणी देवकर परिसरातल्या मुलांना पाणी नवं नाही. उजनीचं बॅकवॉटर आमच्या उशाशी आहे. १९८० साली धरण झालं, गावं पाण्याखाली गेली, आणि जुन्या पळसदेवच्या मंदिराचं शिखर पाणी आटलं की आजही वर येतं. पाण्याखाली काहीतरी असतं, हे आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही. पण समुद्र वर्गातल्या फार थोड्यांनी पाहिला होता, आणि समुद्राच्या आत डोकावलेलं तर कुणीच नव्हतं.

फोटो पाहून एक मुलगी उठली. विज्ञान प्रदर्शनासाठी ती प्रवाळांचा तक्ता करत होती. इंटरनेटवरून तिनं नावं उतरवली होती. प्रवाळ बेटं कशी तयार होतात यावर १८४२ साली पुस्तक लिहिणारा डार्विन. १९४३ साली एमिल गान्यां या अभियंत्यासोबत पाण्याखाली श्वास घेण्याचं यंत्र बनवणारा फ्रेंच झाक कूस्तो. तिनं विचारलं, "सर, या सगळ्यात आपलं कुणीच नाही का?"

'आपलं' म्हणजे कोण? भारतीय, मराठी की मुसलमान? तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेराव्या वर्षी हा प्रश्न माझ्याही मनात होता, पण कुणाला विचारायची हिंमत झाली नव्हती. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. ते आज लिहितो आहे.

पाण्याखालची पंधरा मिनिटं

आधी मी काय पाहिलं ते सांगतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबते. अंगात काळा रबरी सूट, तोंडात नळी, पाठीवर हवेचं नळकांडं. पोहता येत नसलं तरी चालतं, कारण शिकवणारा मुलगा मागून धरून ठेवतो. खाली गेलं की कान दुखतात. तेव्हा नाक चिमटीत धरून हवा ढकलायची, म्हणजे कान मोकळे होतात. खुणा वर होडीतच शिकवलेल्या असतात. पण सवय वाईट. खाली मजा वाटली म्हणून मी अंगठा वर केला. पाण्यात अंगठ्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो. त्या बिचाऱ्यानं मला वर आणलं! दुसऱ्यांदा खाली गेलो तेव्हा हात आवरून बसलो.

पट्ट्यापट्ट्यांचे मासे तर सगळ्यांनाच दिसतात. त्या मुलानं मला एका खडकाच्या फटीकडे बोट दाखवलं. आधी काहीच दिसेना. मग फटीतून एक तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. वाम! आमच्या उजनीची वाम मी लहानपणापासून ताटात पाहिलेली. ही तिची दूरची, खाऱ्या पाण्यातली, दातांची बहीण. ती चावायला तोंड उघडत नव्हती. कल्ल्यांवरून पाणी खेळवायला तिला तसं करावं लागतं, म्हणजे ती श्वास घेत होती. पुढे एका गोल प्रवाळावर रंगीत फुलं उमललेली दिसली. हात जवळ नेला आणि फुलं गायब. वर आल्यावर कळलं की ती फुलं नव्हतीच. प्रवाळात नळी करून राहणाऱ्या एका किड्याचे ते तुरे होते.

फुलाचा प्राणी झाला, हे मला त्या दिवसाचं सगळ्यात मोठं नवल वाटलं. नंतर वाचताना लक्षात आलं की ही फसगत फार जुनी आहे आणि भल्याभल्यांची झाली आहे.

फूल की प्राणी

अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातले विद्वान प्रवाळाला वनस्पती समजत. प्रवाळावर जे उमलतं ते फूल, असं ते मानत. मार्सेलिसचा डॉक्टर पेसोनेल १७२५च्या सुमारास उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला. समुद्रातून ताजं काढलेलं प्रवाळ त्यानं पाण्यातच ठेवून पाहिलं आणि सांगितलं की ही फुलं नाहीत, हे जिवंत प्राणी आहेत. पॅरिसच्या विद्वानांना ते इतकं हास्यास्पद वाटलं की रेओम्यूर या नामवंत शास्त्रज्ञानं हे मत मांडताना पेसोनेलचं नावच गाळलं. त्याची अब्रू जाऊ नये म्हणून! काही वर्षांनी तोच खरा ठरला.

तो खरा ठरला, पण एक गोष्ट मनात राहते. त्या किनाऱ्यावर ते प्रवाळ समुद्रातून काढून कुणी आणलं? जाळी ओढणाऱ्या कोळ्यांनी. त्यांची नावं कुठेच नाहीत. पेसोनेलचं नाव पॅरिसनं गाळलं, पण पुढे ते परत आलं. कोळ्यांचं नाव गाळायलाही कुणी लिहिलं नव्हतं.

मसूदी, इब्न बतूता आणि थोडी अतिशयोक्ती

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६च्या सुमारास बगदादचा मसूदी सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातलं चौल. तिथं राहणाऱ्या हजारो मुसलमानांची नोंद त्यानं केली आहे. हाच मसूदी समुद्रातल्या जीवांबद्दलही लिहितो. हातभर लांबीचा एक मासा व्हेलच्या कानाशी चिकटतो आणि त्याला मारूनच सोडतो, अशी खलाशांकडून ऐकलेली गोष्ट तो सांगतो. मोठ्या जीवांना चिकटून राहणारा मासा खरोखरच आहे. त्याच्या डोक्यावर चूषक असतं आणि शार्क, कासव, व्हेल यांना चिकटून तो फुकटचा प्रवास करतो. पण तो कुणाला मारत नाही. म्हणजे पाहणं अर्धं खरं होतं, उरलेलं होडीवरच्या रात्रीच्या गप्पांचं. अलिफ लैलातला सिंदबाद ज्या बेटावर उतरतो ते बेट नसून मासा निघतो, तीही याच गप्पांची नातवंडं.

चौदाव्या शतकात इब्न बतूतानं आखातातल्या मोती काढणाऱ्यांचं वर्णन केलं. पाणबुड्या तोंडावर कासवाच्या पाठीचा मुखवटा घालतो, त्याच कवचाचा चिमटा नाकाला लावतो, कमरेला दोर बांधतो आणि खाली जातो. हे वाचलं आणि मालवणच्या होडीत माझ्या तोंडावर चढवलेला मुखवटा आठवला. सहाशे वर्षांत कासवाच्या जागी काच आणि रबर आलं. मात्र इब्न बतूता पुढे असंही म्हणतो की काही जण तास-दोन तास पाण्याखाली राहत. हे काही खरं नाही. दम रोखून माणूस काही मिनिटांच्या पलीकडे टिकत नाही. खाली जाणाऱ्यानं त्याला बहुधा थोडं वाढवून सांगितलं आणि त्यानं ते तसंच लिहिलं.

हे मी मुद्दाम सांगतो. आपल्याकडे मोबाइलवर रोज फिरतं की जगातला प्रत्येक शोध आपल्या लोकांनी आधीच लावला होता. सूरह रहमानमध्ये लूलू आणि मर्जान, म्हणजे मोती आणि पोवळं, यांचा उल्लेख आहे, हे खरं. पण मर्जान म्हणजे पोवळं की लहान मोती, यावर जुन्या मुफस्सिरांमध्येच दोन मतं आहेत. अल् बिरूनीनं रत्नांवरच्या ग्रंथात मोती आणि प्रवाळ यांची चर्चा केली, ती त्यानं माहिती गोळा करून, पडताळून केली. श्रद्धा तिच्या जागी मोठी आहे. तिला संशोधनाचं प्रमाणपत्र म्हणून वापरलं तर श्रद्धाही लहान होते आणि संशोधनही. त्या मुलीला मला अशी खोटी छाती फुगवून द्यायची नव्हती.

शब्दांत उरलेला दर्या

मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवत असल्यामुळे माझा भरवसा शब्दांवर जास्त. दर्या, बंदर, लंगर हे फारसीतून आलेले. नाखवा म्हणजे नाखुदा, नावेचा मालक. खलाशी, सुकाणू आणि मोसम हे अरबीकडून आलेले. कोकणातला कुठल्याही धर्माचा कोळी हे शब्द वापरतो आणि ते परके आहेत असं त्याला वाटत नाही. शब्द माणसांबरोबर येतात. हे शब्द शेकडो वर्षं एकाच होडीत बसलेल्या माणसांनी एकमेकांना दिले.

शाळेच्या पुस्तकात मात्र समुद्रावरचा मुसलमान म्हणजे जंजिऱ्याचा सिद्दी, एवढंच मुलांच्या लक्षात राहतं. शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. त्यांच्या आरमाराचा एक मोठा अधिकारी दौलत खान होता. १६७९ साली खांदेरीवर इंग्रजांशी झुंज झाली तेव्हा मराठी आरमाराचं नेतृत्व त्याच्याकडे होतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे दालदी हे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे मुसलमान. समुद्राच्या तळाशी कुठे खडक आहे, कुठे जाळं फाटतं, कुठला मासा कुठल्या महिन्यात येतो, हे त्यांना, गाबितांना आणि कोळ्यांना कुठल्याही शास्त्रज्ञाच्या आधी ठाऊक होतं.

दोन नावं

आणि आता तिच्या तक्त्यासाठीचं उत्तर.

भारतात प्रवाळ कुठे, असं विचारलं की बरीच वर्षं चारच ठिकाणं सांगितली जात. कच्छचं आखात, मन्नारचं आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार. कोकणाच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात नद्या गोडं, गढूळ पाणी आणून ओततात. प्रवाळाला लागतं खारं, नितळ, उबदार पाणी, कारण त्याच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला सूर्यप्रकाश हवा असतो. त्याचं बरंचसं अन्न तेच शेवाळ बनवतं. त्यामुळे इथं प्रवाळ कसलं, असाच समज होता.

१९७९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या दोन शास्त्रज्ञांनी एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पश्चिम किनाऱ्यावर मालवणसह अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद त्यांनी केली. त्यांची नावं एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर.

सय्यद जहूर कासिम १९२६ साली अलाहाबादला जन्मले. अलीगढला प्राणिशास्त्र शिकले, तिथंच शिकवलं, आणि डॉक्टरेटसाठी वेल्समधल्या बँगोरला गेले. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर प्रवाळ किती अन्न निर्माण करतं, याचा अभ्यास त्यांनी १९७२ साली सहकाऱ्यांसोबत प्रसिद्ध केला. १९७४ ते १९८१ ते गोव्याच्या त्या संस्थेचे संचालक होते. ६ डिसेंबर १९८१ रोजी २१ जणांची पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली, तिचे नेते कासिमच. ९ जानेवारी १९८२ला भारतीय पाऊल त्या बर्फावर पडलं. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं. पुढे ते जामिया मिलिया इस्लामियाचे कुलगुरू झाले, नियोजन आयोगाचे सदस्य झाले. २०१५ साली त्यांचं निधन झालं.

अंटार्क्टिकाचं नाव निदान स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात सापडतं. मालवणच्या प्रवाळाची ती नोंद मात्र तिथं फिरणाऱ्या लाखो पर्यटकांपैकी कितींना माहीत असेल? मलाही नव्हती. त्या नोंदीनंतर आठ वर्षांनी, १९८७ साली, मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटर परिसर सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मासेमारी बंद होईल या भीतीनं स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला, आणि त्यांची भीती समजण्यासारखी होती. ज्यांना तळ आधीपासून ठाऊक होता त्यांनाच कुणी विचारलं नाही, अशी त्यांची तक्रार होती.

विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर, भर समुद्रात, पाण्याखाली वीसेक मीटरवर आणखी एक प्रवाळाचं पठार आहे. त्याला आंग्रिया बँक म्हणतात. नाव कान्होजी आंग्र्यांचं. तिथं एखादा पाणबुड्या उतरला तर मालवणपेक्षा कितीतरी नवलाई त्याला दिसते. आपण तिथं जाणार नाही. पण मालवणला जाणार असाल तर एक विनंती. माशांना ब्रेड टाकू नका आणि प्रवाळावर पाय ठेवू नका. पाणी तापलं की प्रवाळ आतलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. उष्णता टिकली तर मरतं. ते आधीच आजारी आहे, वरून आपली लाथ नको.

त्या मुलीनं तक्ता नव्यानं केला. डार्विन आणि कूस्तो तसेच ठेवले, ते मला आवडलं. खाली कासिम आणि वाफर यांची नावं लिहिली. त्याखाली तिनं स्वतःच्या मनानं एक ओळ घातली होती: 'आणि मालवणचे मच्छीमार'. मी विचारलं, "त्यांची नावं?"

ती म्हणाली, "सर, ती कुणी लिहिलीच नाहीत ना. म्हणून जागा मोकळी सोडलीय."