ब्राइडकर्कचा रिकार्थ

इंग्लंडच्या वायव्य टोकाला कंब्रियात, कॉकरमथ गावाजवळ, ब्राइडकर्क नावाचे एक खेडे आहे. तिथल्या सेंट ब्रिजेट चर्चमध्ये बाप्तिस्म्याचे पाणी ठेवायचे चौकोनी दगडी कुंड आहे. चर्चची आताची इमारत १८६८ ते १८७० या काळातली, पण कुंड बाराव्या शतकाच्या मध्याचे. मी ते छायाचित्रांतच पाहिले आहे, पण गेले काही दिवस ते डोक्यातून जात नाही.

कुंडाच्या एका बाजूला आदम आणि हव्वा यांना स्वर्गातून बाहेर काढले जात आहे. दुसऱ्या बाजूला येशूचा बाप्तिस्मा आहे. तो देणारे योहान म्हणजे आपले हजरत याह्या. इथवर सगळे ओळखीचे. तिसऱ्या बाजूला मात्र वेलीच्या नक्षीत एक माणूस हातोडा आणि छिन्नी घेऊन काम करतो आहे, आणि त्याच्या वरच्या पट्टीवर अक्षरे कोरली आहेत. ही अक्षरे रोमन नाहीत, रून लिपीतली आहेत. ख्रिस्ती होण्याआधीपासून उत्तर युरोपातले लोक ही लिपी वापरत.

१६८५ मध्ये विल्यम निकोलसन या विद्वान पाद्र्याने हा लेख वाचला. पुढे ते कार्लाइलचे बिशप झाले. त्यांना लागलेला अर्थ असा: इथे एकार्ड नावाच्या माणसाचे धर्मांतर झाले आणि त्याचे पाहून डेन लोकही या धर्मात आले. बाप्तिस्म्याचे कुंड, काफिरांची लिपी, म्हणजे गोष्ट धर्मांतराचीच असणार!

प्रत्यक्षात तिथे धर्मांतराचा शब्दही नाही. नंतरच्या अभ्यासकांनी लावलेले वाचन साधे आहे. कुंड स्वतःच बोलते: रिकार्थने मला घडवले आणि मन लावून या देखणेपणाला आणले. यमक जुळवलेल्या दोन ओळी, कारागिराची सही. छिन्नीवाला माणूस त्या ओळींच्या खालीच होता.

निकोलसन यांना मी हसत नाही. रून वाचणारे तेव्हा होते किती? पण चूक कुठल्या दिशेने झाली, ते बघण्यासारखे आहे. लिपीवरून त्यांनी माणसांचा धर्म ठरवला आणि धर्मावरून मजकूर.

रिकार्थच्या मुलखात असा हिशेब जुळत नव्हता. दहाव्या शतकात आयर्लंडकडून नॉर्स लोक इथे येऊन स्थायिक झाले होते. गावाच्या नावातली ब्राइड म्हणजे आयर्लंडची संत ब्रिजेट, आणि ‘कर्क’ हा चर्चसाठीचा नॉर्स शब्द. १०९२ मध्ये नॉर्मन राजाने कार्लाइल घेतले. ११३६ ते ११५७ ते स्कॉटलंडच्या राजांकडे होते. रिकार्थ हे रिचर्डचेच रूप, नॉर्मनांबरोबर इंग्लंडात पसरलेले नाव. लेखाची भाषा इंग्रजी. लिपी रून, तीही निर्भेळ नाही. मध्येच इंग्रजी हस्तलिखितांतली काही अक्षरे येतात. आणि वस्तू? ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यातल्या पहिल्या विधीची. चर्चवाल्यांना या लिपीचे वावडे असते तर हा दगड तिथे राहिलाच नसता. कार्लाइलच्या कॅथेड्रलच्या भिंतीवरही त्याच शतकात कुणा डॉल्फिनने, या दगडावर रून मी लिहिले, एवढेच खरडून ठेवले आहे. त्यांच्यासाठी ती घरातली लिपी होती.

आपल्याकडच्या दर्ग्यांच्या इनामांचे जुने कागद मोडीत सापडतात तेव्हा अनेकांना नवल वाटते. ते मोडीत नसते तर कशात असते? त्या गावात हिशेब, तक्रार, खरेदीखत सगळे मोडीतच व्हायचे. मुजावराने कागदापुरती वेगळी लिपी कुठून आणायची? तुम्ही मुसलमान असून मराठीत कसे लिहिता, असे मला अजूनही विचारले जाते. विचारणारे बहुधा भले लोक असतात. निकोलसनही भलेच होते, आणि मेहनती.

त्या काळच्या बहुतेक पाथरवटांची नावे आपल्याला माहीत नाहीत. कुंडाला पैसे कुणी दिले, बिशप कोण होता, यातले काहीही रिकार्थने लिहिले नाही. जी लिपी हाताशी होती तिच्यात स्वतःचे नाव घातले, आणि खाली छिन्नी धरून बसलेला माणूस कोरला. वेलीचे एक वळण अजून त्याच्या छिन्नीखाली आहे.