पंख्याविना चालणाऱ्या चिपची कुळकथा

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या वर्कशॉपमध्ये हवेत कूलंटचे बारीक तुषार असतात आणि लोखंडाची भुकटीही. पंखा असलेला पीसी ती भुकटी आत ओढून घेतो आणि एक दिवस मदरबोर्ड शॉर्ट होतो. म्हणून सीएनसी मशीनचा प्रॉडक्शन काउंट घ्यायला पंखा नसलेला, तळहाताएवढा, एआरएम चिपचा बोर्ड पॅनेलमध्ये बसवणं सोयीचं. या चिपला पंखा का लागत नाही, याचा माग काढत गेलो तर तो केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत, प्लॅस्टिकच्या एका वेष्टनापाशी जाऊन थांबला.

एकॉर्नचा बीबीसी मायक्रो हा संगणक 1981चा; संगणक-साक्षरतेच्या 'क्लास' प्रकल्पातून तो आपल्याकडच्या शाळांतही आला होता. पुढचा संगणक स्वतःच्या चिपवर बांधायचा म्हणून सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर कामाला लागले. 26 एप्रिल 1985 रोजी पहिली एआरएम चिप चालली.

ती कमी वीज खाते ती मोबाइलमुळे, असं सर्रास सांगतात. तारखाच हे खोडून काढतात. एआरएमवर चालणारा अ‍ॅपलचा न्यूटन हा हातातला संगणक 1993चा, नोकिया 6110 फोन तर 1997चा. दुसरा पक्ष म्हणतो, श्रेय बर्कलीच्या रिस्क विचाराचं, म्हणजे मोजक्या, साध्या सूचनांच्या रचनेचं. यात तथ्य आहे: पहिल्या एआरएममध्ये सुमारे 25,000 ट्रान्झिस्टर होते, त्याच वर्षीच्या इंटेल 386मध्ये 2,75,000. पण बर्कलीच्याच विचारातून निघालेली स्पार्क चिप वर्कस्टेशन आणि सर्व्हरमध्ये रमली. निव्वळ साधेपणाने चिप थंड राहत असती, तर दोघींची वाट एवढी वेगळी झाली नसती.

माझं मत ठाम आहे: निर्णायक ठरला तो वेष्टनाचा खर्च. सिरॅमिकचं वेष्टन उष्णता सोसतं, पण महाग. संगणक स्वस्त ठेवायचा तर चिप प्लॅस्टिकमध्येच बसायला हवी, म्हणजे वीज एका वॅटच्या आत. फर्बर यांनीच हे सांगितलं आहे. वीज आधी नेमकी मोजून देणारी साधनं हाताशी नव्हती, म्हणून प्रत्येक टप्प्यावर हात राखून काम झालं आणि चिप एका वॅटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आली. पहिल्या चाचणीत अ‍ॅमीटर शून्य दाखवत होता, कारण बोर्डावर वीजपुरवठ्याची जोडणीच झालेली नव्हती. चिप चालली होती ती सिग्नलच्या तारांतून झिरपणाऱ्या विजेवर! मोबाइलवाल्यांनी ही काटकसर पुढे उचलली.

तिथून दोन शाखा आपल्यापर्यंत आल्या. 2012च्या रास्पबेरी पायने मॉडेल ए आणि बी ही नावं थेट बीबीसी मायक्रोवरून घेतली. त्याच वर्षी आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या आकाश-2 टॅब्लेटमध्ये ऑलविनरची ए13 ही एआरएम चिप होती. ऑलविनरच्याच चिपवर पुढे ऑरेंज पायसारखे स्वस्त बोर्ड निघाले. ते घेताना मी किमतीआधी लिनक्सचा आधार पाहतो. या चिपसाठी कर्नलचं बरंचसं काम स्वयंसेवकांनी केलं, त्यामुळे बोर्ड नवा असेल तर ग्राफिक्स आणि वायफाय अडून बसतात. डेस्कटॉपवर रोज बसणाऱ्याला हे परवडत नाही.

रास्पबेरी पाय 5 मात्र कुळाचार मोडतो. त्याचा अधिकृत अ‍ॅडाप्टर 27 वॅटचा, आणि सतत कोड कंपाइल करायचा तर पंखा लावलेला बरा. चिंचवडच्या ऑफिसात प्रोग्रॅमिंग करणाऱ्याने तोच घ्यावा, 8 जीबीचा, एनव्हीएमई एसएसडी लावून. डेस्कटॉप म्हणून तो खरंच वापरता येतो. चाकणच्या शॉपफ्लोरवर मी पाय 4 देतो, जाड अ‍ॅल्युमिनियमच्या बंद केसमध्ये: ती केसच हीटसिंकचं काम करते. एसडी कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली तर कार्ड बिघडू शकतं, म्हणून कार्ड फक्त-वाचन ठेवून नोंदी सर्व्हरवर पाठवायच्या, आणि 24 व्होल्टच्या एसएमपीएसवरून वीज घेताना मध्ये चांगला 5 व्होल्टचा कन्व्हर्टर लावायचा.