क्लायस्ट्रॉनच्या बेंचवरून उठायची वेळ

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि धुळे-जळगावच्या पोरांना इंजिनिअर व्हायला पुण्या-मुंबईलाच जायची सक्ती उरली नाही. यावर चिक्कार बोललं गेलंय. या कॉलेजांच्या लॅबमध्ये काय आलं, यावर मात्र कुणी बोलत नाही. मी धुळ्यात मायक्रोवेव्ह शिकवतो, म्हणून लिहितो.

लॅबमध्ये आला क्लायस्ट्रॉनचा बेंच. ही व्हॅक्यूम ट्यूब व्हॅरियन बंधूंनी १९३७ मध्ये स्टॅनफर्डला बनवली. तिचं 'रिफ्लेक्स' रूप महायुद्धात रडारमध्ये गेलं आणि नंतर जगभरच्या कॉलेजांत. पोरं आजही रिपेलर व्होल्टेज बदलतात, मोड काढतात, रीडिंग उतरवतात. जर्नल पूर्ण!

बेंच टाकाऊ नाही. स्लॉटेड लाइनवर प्रोब सरकवला की न दिसणाऱ्या लहरीची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येते. पण तो मोजायला शिकवतो, सर्किट डिझाइन करायला नाही.

डिझाइन आता तांब्याच्या छापील पट्टीवर होतं. १.६ मिमी जाडीच्या साध्या एफआर-४ बोर्डावर ५० ओहमची पट्टी साधारण ३ मिमी रुंद येते, २.४ गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी जेमतेम १७ मिमी. इथे तार नुसती जोडणी नसते, तिची लांबी-रुंदी हेच सर्किट. पट्टी १ मिमी जास्त राहिली तर काम सव्वाशे मेगाहर्ट्झ खाली घसरतं. हे फळ्यावर पटत नाही. फेरिक क्लोराइडमध्ये स्वतः बोर्ड एच केला की जन्मभर लक्षात राहतं.

१९८४ साली, टीआयएफआरच्या मायक्रोवेव्ह युनिटमधून मुंबईत 'समीर' ही संस्था उभी राहिली. म्हणजे आपल्याच राज्यात एकीकडे मायक्रोवेव्हचं संशोधन वाढत होतं, दुसरीकडे गावोगावी कॉलेजं निघत होती. दोघांची गाठ काही पडली नाही. कारण सरळ होतं: नेटवर्क अ‍ॅनालायझर लाखोंचा, कुठलं कॉलेज घेणार?

ते कारण आता संपलंय. नॅनोव्हीएनए नावाचं तळहाताएवढं यंत्र काही हजारांत मिळतं. अडतं ते प्रॅक्टिकलच्या यादीपाशी. परीक्षेत जे विचारतात तेच लॅबमध्ये होतं.

म्हणून मागणी एवढीच: यादीत एक ओळ वाढवा. प्रत्येक विद्यार्थ्याने एक फिल्टर स्वतः डिझाइन करावा, बनवावा, मोजावा. चुकला तर का चुकला ते लिहावं. मार्क त्यालाच द्या.