इंदूरचे पहिले लष्करी छात्र

महाविद्यालयात शिकणारा एखादा तरुण पुस्तके मिटून सैन्याची वाट धरतो, तेव्हा कोणती प्रेरणा त्याला तिकडे नेते? शौर्याची हौस, घराण्याची परंपरा, गणवेशाचे आकर्षण, वेतनाची निश्चिती, अशी उत्तरे सहज सुचतात. आणि ती खोटीही नाहीत. परंतु पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ज्या हिंदी तरुणांनी ही वाट धरली, त्यांच्या निर्णयाला आणखी एक अर्थ होता. हिंदी माणसाने लढावे हे सरकारला हवे होते. त्याने हुकूम द्यावा हे मात्र त्याला रुचत नव्हते. हा भेद मोडण्याचा पहिला प्रयोग ज्या ठिकाणी झाला, ते शहर म्हणजे इंदूर.

त्या काळी हिंदी सैनिक कितीही पराक्रमी असला तरी त्याची मजल सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंतच. अवघे आयुष्य पलटणीत घालविलेला, छातीवर पदके लावणारा सुभेदार-मेजर हा विलायतेहून नुकत्याच आलेल्या कोवळ्या गोऱ्या लेफ्टनंटाच्याही हाताखालीच राही. लॉर्ड कर्झन यांनी १९०१ साली 'इंपीरियल कॅडेट कोअर' काढली खरी. पण ती राजेरजवाड्यांच्या व सरदारांच्या मुलांसाठी होती, आणि तेथून बाहेर पडणाऱ्यांना गोऱ्या सैनिकांवर अधिकार नव्हता. ऑगस्ट १९१७ मध्ये हे बंद दार किलकिले झाले. हिंदी लोकांना राजाची सनद, म्हणजे 'किंग्ज कमिशन', मिळू शकेल असे सरकारने जाहीर केले आणि पुढे सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयात हिंदी तरुणांसाठी दरसाल १० जागा राखून ठेवल्या.

या सनदेचे मोल लोकमान्य टिळकांनी अचूक ओळखले होते. सरकारची सैन्यभरती जोरात चालली असताना, १९१८ साली, त्यांनी गांधीजींकडे ५० हजार रुपयांचा धनादेश पाठविला. हिंदी लोकांना सैन्यात अधिकारपदे मिळतील असे आश्वासन गांधीजींनी सरकारकडून आधी मिळवावे; मग महाराष्ट्रातून ५ हजार जवान भरती करून देऊ, आणि ते न साधल्यास ही रक्कम दंड समजावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. मदतीला अशी अट घालणे गांधीजींना मानवले नाही. त्यांनी धनादेश परत केला. दोघांची दृष्टी वेगळी होती. पण हुकूम देण्याचा हक्क हा स्वराज्याचाच एक भाग आहे, हे टिळकांनी त्या एका व्यवहारातून स्पष्ट केले.

याच सुमारास मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात कूर्गचा एक विद्यार्थी शिकत होता. त्याचे नाव करिअप्पा. त्याचे वडील सरकारी महसूल खात्यात नोकरीस होते. मुलाने पदवी घ्यावी आणि तशाच एखाद्या खात्यात स्थिर व्हावे, हा त्या पिढीतील सुशिक्षित घरांचा रुळलेला मार्ग. पण करिअप्पा ज्या कोडव समाजातले, त्या समाजात शस्त्र हे घरातलेच मानीत. शस्त्रकायद्यातूनही त्यांना सूट होती. सैनिक होण्याची ओढ या तरुणाच्या मनात होतीच. हिंदी तरुणांना अधिकारी म्हणून हिंदुस्थानातच शिक्षण मिळणार, ही वार्ता कानी पडताच त्याने अर्ज केला आणि त्याची निवड झाली.

इंदूरचे हे डेली कॅडेट कॉलेज ऑक्टोबर १९१८ मध्ये सुरू झाले. तेथे सुमारे ४० छात्र एकत्र आले. त्यांत दादाभाई नौरोजींचे एक नातू होते. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजचे प्राचार्य सुशीलकुमार रुद्र यांचे चिरंजीव अजित अनिल रुद्र हेही होते. विलायतेत असताना युद्ध पेटले, तेव्हा ते ब्रिटिश फौजेत साधे शिपाई म्हणून दाखल झाले आणि फ्रान्सच्या आघाडीवर लढून आले होते. अशा सुशिक्षित घरांतील मुले बंदूक खांद्यावर घेऊन इंदूरच्या मैदानावर कवाईत करू लागली, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

मात्र या छात्रांची खरी परीक्षा कवाईतीच्या मैदानाबाहेर होती. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी महायुद्ध थांबले. त्यांचे शिक्षण चालू असतानाच, १३ एप्रिल १९१९ रोजी, जालियनवाला बागेत गोळीबार झाला. ज्या राजाची सनद घ्यायची, त्याच्याच सेनाधिकाऱ्याने निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडविलेल्या. अशा सैन्यात अधिकारी होणे म्हणजे देशसेवा की परसेवा? हा पेच त्यांच्यापुरता राहिला नाही. कूर्गचेच दुसरे तरुण अधिकारी थिमय्या यांनी पुढे अलाहाबादेस हाच प्रश्न मोतीलाल नेहरूंपुढे ठेवला. नोकरी सोडू नका. देश स्वतंत्र होईल त्या दिवशी त्याच्या रक्षणासाठी तुमच्यासारखी जाणती माणसेच लागतील, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले, असा वृत्तांत थिमय्यांच्या चरित्रात आला आहे.

१ डिसेंबर १९१९ रोजी इंदूरची तुकडी बाहेर पडली. करिअप्पांचा क्रमांक सातवा होता. त्या एका तुकडीनंतर ते विद्यालय बंद झाले. सनद मिळाली, तीही तात्पुरती. कायम सनद १९२२ मध्ये हाती आली, तेव्हा तिच्यावर १७ जुलै १९२० ही तारीख घातलेली होती. कारण सँडहर्स्टची तुकडी १६ जुलैला बाहेर पडली होती. इंदूरचे छात्र तिच्याहून एका दिवसाने तरी कनिष्ठ ठरावेत! १९२३ साली तर हिंदी अधिकाऱ्यांसाठी आठ पलटणी वेगळ्या काढण्यात आल्या. गोऱ्या अधिकाऱ्याला हिंदी माणसाच्या हाताखाली काम करण्याचा प्रसंग येऊ नये, हा त्यातला मतलब सर्वांना कळत होता.

हे सारे सोसून ती माणसे टिकली. १९३२ मध्ये डेहराडून येथे इंडियन मिलिटरी अकॅडेमी उभी राहिली. १९३३ मध्ये करिअप्पांना क्वेट्ट्याच्या स्टाफ कॉलेजात प्रवेश मिळाला. तेथे जाणारे ते पहिले हिंदी अधिकारी. १९४२ मध्ये एका पलटणीचे आधिपत्य त्यांच्याकडे आले. आणि १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल रॉय बुचर यांच्याकडून त्यांनी भारतीय सेनेच्या सरसेनापतिपदाची सूत्रे स्वीकारली. तो दिवस 'सेनादिन' म्हणून पाळला जातो. तारखेचा एक दिवस कापून ज्याला मागे ठेवले, तोच विद्यार्थी तीस वर्षांनी अवघ्या सेनेचा प्रमुख झाला.

आज पदवीधर तरुण-तरुणींना स्पर्धा-परीक्षा देऊन अधिकारी होता येते. १९४८ साली स्थापन झालेली राष्ट्रीय छात्रसेना महाविद्यालयातच त्यांना लष्करी शिस्तीची ओळख करून देते. कुळ आणि घराणे यांची विचारपूस आता होत नाही. त्यामुळे सेनाधिकारी होणे ही इतर अनेक व्यवसायांसारखीच एक वाट वाटावी, हे स्वाभाविक आहे. परंतु ही वाट ज्यांनी प्रथम तुडविली, त्यांना हुद्द्याबरोबर अपमानही पत्करावा लागला होता. आपल्या माणसांना हुकूम देण्याची योग्यता आपल्या माणसांतही आहे, एवढेच त्यांना सिद्ध करावयाचे होते. इंदूरच्या त्या एका तुकडीने या कार्याचा आरंभ केला.