शिवजन्मतिथीचा वाद आणि पुराव्याचे वजन

१/ छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ मधला की शके १५५१ मधला? या प्रश्नावर महाराष्ट्रात अनेक दशके वाद चालला. दावा कशाच्या बळावर टिकतो, हे त्यातून स्पष्ट दिसते.

२/ पूर्वी रूढ असलेली तिथी वैशाख शुद्ध २, शके १५४९ (एप्रिल १६२७) ही होती. तिचा आधार बखरींचा. त्यांतील चिटणीस बखर महाराजांच्या निधनानंतर सुमारे १३० वर्षांनी लिहिली गेली. शिवाय जन्मकाळाविषयी बखरींचे आपसांतही एकमत नाही.

३/ १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. कारीच्या जेधे देशमुखांकडील या टिपणात जन्मतिथी होती फाल्गुन वद्य ३, शके १५५१. शिवजयंतीचा उत्सव तेव्हा वैशाखात होई. त्या उत्सवाच्या अग्रणी पुरस्कर्त्यानेच रूढ तिथीला धक्का देणारा कागद उजेडात आणला.

४/ आक्षेप रास्त होता : एकाच घराण्याच्या टिपणावर विश्वास का ठेवावा? उत्तर त्या टिपणाच्या परीक्षेत होते. अफजलखानवधासारख्या तिच्यातील अनेक नोंदी इतर समकालीन कागदांशी ताडून पाहता येतात. ज्या नोंदी तपासता येतात त्या खऱ्या उतरल्या, की उरलेल्यांचे वजन वाढते.

५/ पुढे तंजावरच्या ग्रंथसंग्रहात स. म. दिवेकरांना कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ सापडले. ते १९२७ साली छापले गेले. परमानंद महाराजांच्याच आश्रयाचा कवी. त्यानेही फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ हीच तिथी दिली आहे.

६/ तिसरा पुरावा राजस्थानातला. जोधपूरच्या जुन्या कुंडलीसंग्रहातील महाराजांच्या जन्मपत्रिकेत संवत १६८६, फाल्गुन वदि ३ अशी नोंद आढळली.

७/ मावळातील देशमुख, संस्कृत कवी आणि मारवाडातील ज्योतिषी. एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले, असे मानण्यास आधार नाही. दहा बखरी एकाच समजुतीवर विसंबल्या असतील तर तो पुरावा एकच ठरतो. परस्परांपासून स्वतंत्र अशा तीन साक्षी मात्र खरोखर तीन असतात.

८/ राज्य शासनाने पुढे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. ती जुन्या ज्युलियन गणनेची आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च येतो. तारखेचा वाद घालताना दिनदर्शिका कोणती, हेही सांगावे लागते.

९/ महाराजांविषयीची भक्ती दोन्ही पक्षांची सारखीच होती. निर्णय भक्तीने झाला नाही, कागदांनी झाला.