पत्रांतून जन्मलेले मासिक

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील संशोधकापुढे मोठा पेच असे. शोध उघड केला, तर दुसरा कोणी तो आपल्या नावावर खपवील. दडवून ठेवला, तर तो आपण लावलाच नाही असे ठरेल. गॅलिलिओने १६१० साली शनीविषयीचे निरीक्षण कळविले, ते वाक्यातील अक्षरांची उलटापालट करून. ज्ञान असे कुलपात ठेवावे लागे.

हे कुलूप उघडले ते हेन्री ओल्डेनबर्ग याने. जन्माने जर्मन, ब्रेमेनचा रहिवासी. पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस. देशोदेशींच्या विद्वानांशी पत्रव्यवहार करणे हे त्याचे मुख्य काम. ही पत्रे सभेत वाचून दप्तरी ठेवण्याऐवजी छापली तर? ६ मार्च १६६५ रोजी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चा पहिला अंक निघाला. पॅरिसचे ‘जूर्नाल दे सावां’ दोन महिने आधी, ५ जानेवारीस, निघाले होते खरे. परंतु त्याचा भर ग्रंथपरिचयावर होता. केवळ विज्ञानाला वाहिलेले पहिले नियतकालिक लंडनचेच.

त्या अंकात गुरूवरील डागाचे वृत्त आहे, आणि विद्रूप वासराचेही! कशाला विज्ञान म्हणावे, हे तेव्हा ठरावयाचे होते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अंक काढावा, ‘पुरेसा मजकूर असल्यास’, असा सोसायटीचा ठराव होता. मात्र धंद्याची जोखीम सर्वस्वी ओल्डेनबर्गची. चिटणिसाला तेव्हा पगार नव्हता. मासिकावर संसार चालेल अशी त्याची अपेक्षा. ती कधीच पुरी झाली नाही.

संकटे तर लागोपाठ आली. १६६५ साली लंडनला प्लेगने ग्रासले. काही अंक ऑक्सफर्डला छापावे लागले. १६६६ च्या आगीत सेंट पॉल परिसरातील ग्रंथविक्रेते धुळीस मिळाले. १६६७ साली, डच युद्ध चालू असता, सरकारवर टीका करणारी पत्रे परदेशी धाडल्याच्या संशयावरून संपादकच सुमारे दोन महिने टॉवरच्या तुरुंगात पडला. ज्या पत्रांवर मासिक जगत होते, त्यांनीच त्याला तेथे नेले.

सुटल्यावर त्याने पुन्हा लेखणी उचलली. १६७२ साली न्यूटनचा प्रकाश व रंग यांवरील निबंध याच मासिकात आला. पॅरिसचे जेझुइट पाद्री पार्दी यांनी शंका काढल्या. त्या आणि न्यूटनची उत्तरे, दोन्ही छापली गेली. वाद चारचौघांत, तारखेनिशी, छापील कागदावर होऊ लागला. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहुक याला लॅटिन येत नव्हते. १६७३ पासून त्याची डच पत्रे भाषांतरित होऊन येऊ लागली. पदवी नसलेल्या माणसाचे निरीक्षण विद्वानांच्या पंक्तीला बसले, याचे श्रेय संपादकालाच दिले पाहिजे.

सप्टेंबर १६७७ मध्ये ओल्डेनबर्ग अचानक वारला. पाठोपाठ पत्नीही गेली आणि दोन मुले पोरकी झाली. मासिक १६७९ पर्यंत कसेबसे चालून थांबले. १६८३ मध्ये पुन्हा सुरू झाले. पुढील चिटणीसही ते आपल्याच जबाबदारीवर काढीत. सोसायटीने त्याचा खर्च आणि लेखांची निवड स्वतःच्या अंगावर घेतली ती १७५२ साली, म्हणजे पहिल्या अंकानंतर तब्बल ८७ वर्षांनी.