हट्ट नव्हे, मागणे
१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा स्वमग्न मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे दोष आला आईच्या थंडपणावर. मूल डोके आपटी आणि शिक्षा भोगी माता! १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या स्वमग्न मुलाच्या पित्याने हे मत खोडून काढले. १९८५ साली कार व ड्यूरंड यांच्या प्रयोगात, अवघड धडा येताच आकांत करणाऱ्या मुलांना ‘समजले नाही’ एवढे म्हणावयास शिकविले, आणि आकांत ओसरला.

हैदराबादेच्या हिमायतनगरातील घरांना हा उलगडा दूरचा नव्हता. १९८४ सालीच सिकंदराबादेत मतिमंदांसाठी राष्ट्रीय संस्था निघाली होती. तरी कुकरची शिटी होताच कान झाकून किंचाळणारे मूल शेजाऱ्यांच्या लेखी लाडावलेलेच ठरते, आणि शिटीपूर्वी त्याला खुणेने सावध करण्याचे काम बहुधा आईकडेच राहते.